बाण सोडण्याआधी

गेल्या महिन्यात आठवीच्या वर्गात मराठीच्या तासाला यादी आणि सूचनालेखन शिकवत होते. पुस्तकातलं उदाहरण मुलांना पाठ झालेलं असतं, म्हणून मी फळ्यावर एक खरीखुरी यादी लिहिली. माझ्या धाकट्या भावाने पाठवलेली. पाणी, माणशी रोज चार लिटर, वर दोन दिवसांचं जादा. फणी. चिमटा. लोकरी टोपी. दुर्बीण. पावडरची छोटी बाटली. कापडी पिशव्या सहा. बर्फ. कागदी ताटं. जानमाज. होकायंत्र. घरी ठेवायचा कागद.

मुलांना विचारलं, "ही कुठल्या प्रवासाची तयारी असेल, ओळखा."

एक म्हणाला उमरा. दुसरा म्हणाला, उमऱ्याला बर्फ कशाला? कोणी म्हणालं जमात, कोणी म्हणालं सहल. चिमट्याचं कोडं कुणाला सुटेना. शेवटी मी सांगितलं की ही अमेरिकेतल्या वाळवंटात धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायला निघालेल्या माणसाची यादी आहे. वर्गात एकदम गलका झाला. मागच्या बाकावरच्या मुलाने हाताने बाण सोडूनही दाखवला.

मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "टीचर, हे पाप नाही का?"

तिला उत्तर मी देण्याआधी शेजारच्या मुलाने दिलं. "शिकार हलाल आहे, बिस्मिल्लाह म्हणून बाण सोडायचा." त्याचं चुकलं नव्हतं. पण मुलगी खाली बसली नाही. तिने विचारलं, "आणि बाण लागून हरीण पळून गेलं तर?"

मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, "हे पुढच्या तासाला." तास संपायला चांगली दहा मिनिटं बाकी होती. मी उत्तर टाळलं, कारण माझ्या भावाच्या बाबतीत नेमकं तेच घडलं होतं.

आधी थोडी ओळख सांगते. माझा भाऊ चिपळूणचा. वाशिष्ठीच्या काठी गरी टाकून बसायचं वेड त्याला लहानपणापासून. नोकरीच्या निमित्ताने तो अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहरात गेला, त्याला आता अकरा वर्षं झाली. सोनोरन वाळवंट त्याच्या घराच्या उंबरठ्यापासूनच सुरू होतं. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळूचे डोंगर येतात. हे तसं नाही. इथे हिवाळ्यात आणि पावसाळ्यात असा वर्षातून दोनदा पाऊस पडतो, त्यामुळे दगडधोंड्यांत झाडंझुडपं भरपूर आहेत. सग्वारो नावाचे निवडुंग दोनतीन मजले उंच वाढतात आणि दीडशे वर्षांपर्यंत जगू शकतात. मेस्कीटची झाडं तर आपल्याकडच्या वेड्या बाभळीची सख्खी भावंडं. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा भावाने मला फोटो पाठवून लिहिलं होतं, "आपा, हिला इथेही कोणी कौतुकाने विचारत नाही."

या रानात म्यूल डिअर नावाचं हरीण राहतं. खेचरासारखे मोठे कान, म्हणून हे नाव. डिसेंबरअखेर आणि जानेवारी हा त्याचा विणीआधीचा माजाचा काळ. एरवी सावध असलेले नर या दिवसांत माद्यांच्या मागे उघड्यावर येतात. धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांचा एक हंगामही याच काळात असतो. भावाच्या ऑफिसातला एक मित्र आणि शेजारचे एक निवृत्त गृहस्थ दरवर्षी जातात. पाच वर्षांपूर्वी त्यांनी याला धनुष्य धरायला शिकवलं, आणि गरी टाकून तासन्‌तास गप्प बसणारा आमचा मुलगा त्यात रमला.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण हे मासिक घरातली मुलंही वाचतात. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. हरीण, सांबर, ससा, घोरपड यांच्या मागे कोणी गंमत म्हणून गेला तर तो तुरुंगात जाऊ शकतो, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे रान उरलंय किती आणि जनावरं उरलीत किती! तिकडची व्यवस्था वेगळी आहे. तिथे राज्याचं वन्यजीव खातं जनावरांची पाहणी करून कुठे, कोणत्या काळात आणि कशाने शिकार करता येईल ते ठरवतं. परवाना घ्यावा लागतो. हरणासाठी वेगळा टॅग, म्हणजे चिठ्ठी, विकत घ्यावी लागते, आणि हरीण पडलं की ती त्यालाच बांधावी लागते. एका माणसाला वर्षात एकच हरीण. खाण्यासारखं मांस रानात टाकून वाया घालवणं हा गुन्हा. हरणाला आमिष टाकून बोलावायचं नाही. २०२२ पासून झाडाला कॅमेरे लावून जनावराची ये-जा टिपायलाही मनाई झाली. शिकारीच्या साहित्यावरच्या कराचा पैसा १९३७ च्या एका कायद्याने वन्यजीवांच्या संवर्धनाला जातो, आणि पुढे धनुष्यबाणही त्या करात आले.

एवढे सगळे नियम पाळूनही गेल्या जानेवारीत जे व्हायचं ते झालं.

दिवस मावळायला आला होता. चार दिवस हिंडून हाती काही नव्हतं. एक नर समोर आला, पंचेचाळीस मीटरवर. भाऊ सांगतो, "आपा, मैदानात मी तेवढ्या अंतरावरून रोज नेम लावत होतो. मला वाटलं, जमेल." त्याने बिस्मिल्लाह म्हटलं आणि बाण सोडला. बाण सुटला त्याच क्षणी हरणाने पाऊल पुढे टाकलं. बाण छातीत लागायचा तो मागे, पोटात लागला. हरीण उसळलं आणि घळीत दिसेनासं झालं.

जाणते शिकारी रक्तावरून ओळखतात. फेसाळ, गुलाबी रक्त असेल तर बाण फुप्फुसात लागला, जनावर जवळच सापडेल. रक्त गडद असेल तर यकृतात. आणि हिरवट डाग दिसला तर पोटात. मग लगेच मागे धावायचं नसतं. धावलं तर जनावर उठून आणखी लांब जातं. तासन्‌तास थांबून मग माग काढायचा. भावाला हिरवट डाग दिसला. तिघांनी रात्री उशिरा डोक्याला बॅटऱ्या बांधून माग काढला. पहाटे पुन्हा निघाले. दुपारपर्यंत दगडांवरचे थेंब शोधत गेले, मग थेंबही संपले. दुसरा दिवसही घालवला. हरीण सापडलं नाही.

त्याने घरी येऊन आपली चिठ्ठी फाडून टाकली. वर्षाला एक हरीण मिळतं, ते आपल्या नावावर पडलं असं त्याने मानलं. तशी सक्ती त्याच्यावर कोणी केली नव्हती. धनुष्य पेटीत गेलं ते सहा महिने बाहेर आलं नाही. फोनवर तो इकडचं तिकडचं बोलायचा. अम्मीने एकदा विचारलं, "हरणाचं काय झालं रे?" तो म्हणाला, "नाही मिळालं, अम्मी." हे खरंही होतं आणि खोटंही.

म्हणून जुलैत जेव्हा त्याने मला सांगितलं की पुढच्या जानेवारीत पुन्हा जायचा विचार आहे, तेव्हा मी चिडलेच. म्हटलं, "एवढं होऊनही? मांस काय दुकानात मिळत नाही?"

तो म्हणाला, "मिळतं की. दुकानातलं मांस घेताना मला काहीच विचारावं लागत नाही, आपा. म्हणून तर ते सोपं आहे. मी सोडून दिलं तर ते हरीण विसरून जाईन. त्यापेक्षा माझं काय चुकलं ते शोधतो. सापडलं नाही तर नाही जाणार."

मग त्याने शोधायला सुरुवात केली. काय सापडलं ते मी माझ्या पद्धतीने, फळ्यावरचं गणित करून सांगते. त्याचं धनुष्य कम्पाऊंड जातीचं, टोकांना कप्प्या असलेलं. त्यातून बाण सेकंदाला साधारण ऐंशी मीटर वेगाने जातो. आवाज जातो तीनशे चाळीस मीटर वेगाने. म्हणजे पंचेचाळीस मीटरवरच्या हरणाला दोरीचा आवाज सेकंदाच्या सातव्या हिश्शात पोचतो, आणि बाणाला लागतो अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ. तेवढ्यात जनावर अंग चोरू शकतं किंवा पाऊल टाकू शकतं. नेम कितीही बरोबर असो, ते पाऊल नेमबाजाच्या हातात नाही. वीस मीटरवर मात्र बाण पाव सेकंदात पोचतो. चूक हाताची नव्हतीच. इतक्या लांबून बाण सोडायचं ठरवण्यातच ती होती.

म्हणून यंदाच्या तयारीत पहिली गोष्ट ठरली ती मर्यादा. पंचवीस मीटर. त्यापलीकडे हरीण कितीही मोठं असलं, कितीही शांत उभं असलं, तरी बाण सुटणार नाही. हे त्याने मनात ठेवलं नाही. दोन्ही मित्रांना सांगितलं, बायकोला सांगितलं, मला लिहून पाठवलं. म्हणाला, "एकट्याने ठरवलेलं संध्याकाळी पाच वाजता बदलतं. चार माणसांना सांगितलेलं बदलायला लाज वाटते."

दुसरी गोष्ट म्हणजे दिवसाचा पहिला बाण. पूर्वी तो मैदानात सलग पन्नास बाण मारायचा. पहिले पाचसहा इकडेतिकडे जात, मग हात बसायचा आणि तो खूश होऊन घरी यायचा. रानात मात्र पहिलाच बाण असतो, दुसरा नसतोच. म्हणून ऑगस्टपासून तो रोज सकाळी कामावर जाण्याआधी एकच बाण मारतो. थंड हाताने, जाड जाकीट घालून, कधी गुडघ्यावर, कधी बसून, कधी चढावर. निशाणाला कागदी जेवणाचं ताट, कारण हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून जेमतेम तेवढीच जागा असते. ताटात लागला तर वहीत बरोबरची खूण, बाहेर गेला तर फुली. यादीतली कागदी ताटं जेवायला नव्हती, हे मुलांना कळलं तेव्हा वर्ग हसला.

तिसरी गोष्ट धार. सरावाच्या बाणाचं टोक बोथट सुईसारखं असतं, शिकारीच्या बाणाला वस्तऱ्यासारखी पाती असतात. पात्याच्या बाणाची चाल थोडी वेगळी पडते. म्हणून शेवटचा महिना तो त्याच पात्यांनी सराव करतो आणि रानात जाताना नवी, कोरी पाती लावतो. प्रत्येक बाण हातात वाकवून तडा गेलाय का ते बघतो, दोरीला मेण लावतो. आपल्याकडे बकरी ईदच्या आधी घरातला जाणता माणूस सुरीची धार बोटाने बघतो आणि ती जनावरासमोर लावायची नाही म्हणून मुलांनाही बजावतो. हे त्याच जातीचं काम आहे. त्रास कमीत कमी व्हावा, ही जबाबदारी मारणाऱ्याची.

आता यादीतल्या बाकीच्या वस्तूंविषयी, कारण मुलांप्रमाणे तुम्हालाही कोडं पडलं असेल.

पावडरची बाटली वाऱ्यासाठी. चिमूटभर हवेत सोडली की वारा कुठे वाहतोय ते दिसतं. हरणाच्या नाकाला माणसाचा वास फार लांबून कळतो. पहाटेची गार हवा डोंगरावरून खाली उतरते आणि ऊन तापलं की वर चढू लागते, हे लक्षात ठेवूनच वाट धरायची. दिवसातला बहुतेक वेळ टेकडीवर दुर्बीण लावून बसण्यातच जातो.

फणी आणि चिमटा चोया नावाच्या निवडुंगासाठी. त्याचे काटेरी गोळे नुसत्या धक्क्याने कपड्याला, कातडीला चिकटतात. हाताने काढायला गेलं तर हात अडकतो. फणी खाली सरकवून गोळा उडवायचा आणि राहिलेले काटे चिमट्याने काढायचे.

लोकरी टोपी, कारण जानेवारीत दुपारी अठरा-वीस अंश असलेलं वाळवंट रात्री गोठायला येतं. पाणी माणशी चार लिटर, कारण तिथे ओढा म्हणजे नुसती वाळू. तंबू अशा कोरड्या ओढ्यात टाकायचा नाही हा पहिला नियम. जागा सपाट आणि मऊ असते, मोह होतो, पण लांब डोंगरात पडलेला पाऊस पाहता पाहता तिथे लोंढा होऊन येतो. भाऊ म्हणतो, हे चिपळूणच्या माणसाला शिकवावं लागत नाही. २००५ आणि २०२१ साली आमच्या गावाने जे पाणी पाहिलं, त्यानंतर सुकलेला पऱ्याही आम्हाला कोरडा वाटत नाही.

पाण्याचा आणखी एक नियम मला फार आवडला. जिथे आसपास एकच पाणवठा आहे आणि माणसाच्या मुक्कामामुळे रानातली किंवा पाळलेली जनावरं त्याला मुकतील, तिथे पाण्यापासून पाव मैलाच्या, म्हणजे चारशे मीटरच्या आत तंबू टाकायला ॲरिझोनात कायद्याने मनाई आहे. ज्याची शिकार करायला आलात, त्याचंही पाणी अडवायचं नाही. हे वाक्य मी वर्गात दोनदा वाचून दाखवलं.

कापडी पिशव्या आणि बर्फ मांसासाठी. हरीण पडलं तर दुपारच्या उन्हाआधी सोलून, तुकडे करून, हवा लागेल अशा पिशव्यांत सावलीत टांगायचं आणि पाठीवरून गाडीपर्यंत आणून बर्फात ठेवायचं. बर्फ बाटल्यांत गोठवून नेतात, वितळला तर प्यायला पाणी होतं.

बर्फाच्या पेट्या यंदा दोन आहेत, आणि त्यामागे एक गोष्ट आहे. शेजारच्या निवृत्त गृहस्थांकडे या वेळी हावेलिनाची चिठ्ठी आहे. हावेलिना हे तिथलं एक रानटी जनावर, दिसायला डुकरासारखं. भावाने संकोचत सांगितलं, "मी तुम्हाला माग काढायला मदत करीन, पण ते मांस माझ्या भांड्यात, माझ्या पेटीत नको." त्या गृहस्थांनी दुसऱ्याच दिवशी नवी पेटी, वेगळी सुरी आणि वेगळा तवा आणून त्यांवर लाल पट्टी चिकटवली. म्हणाले, "पाच वर्षं एका शेकोटीला बसतो, एवढं तरी मला आधीच सुचायला हवं होतं." आपला संकोच आपण नीट शब्दांत सांगितला, तर समोरचा माणूस बहुतेक वेळा आपल्यापेक्षा दोन पावलं पुढे येतो, हा माझाही शाळेतला अनुभव आहे.

जानमाज आणि होकायंत्राचं मुलांनी ओळखलं. मात्र किब्ल्याची दिशा सांगितली तेव्हा ती चकित झाली. आपला किब्ला पश्चिमेला. टूसॉनमध्ये तो उत्तरेकडून ईशान्येला झुकलेला येतो. पृथ्वीचा गोल आणून दोरा लावून दाखवला तेव्हा कुठे पटलं. प्यायचंच पाणी तेवढं असेल तर तयम्मुम. फज्र तंबूपाशी, मग टेकडी.

आणि घरी ठेवायचा कागद. त्यावर गाडी कुठे उभी असेल, तंबू कुठे, रोज कोणत्या दिशेला जाणार, कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत परतणार, न परतल्यास किती तास वाट पाहून कोणाला फोन करायचा, हे सगळं लिहिलेलं. त्या डोंगरात फोन लागत नाही. हा कागद माझ्या भावजयीने फ्रीजवर चिकटवलाय, आणि त्याची प्रत अम्मीच्या कपाटात, कुरआनच्या रिहालीशेजारी आहे. अम्मीला इंग्रजी गावांची नावं वाचता येत नाहीत. तरी ती रोज एकदा कागद उघडून बघते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते.

पुढच्या तासाला मी मुलांना हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांच्याविषयी सांगितलं. उदारपणासाठी प्रसिद्ध असलेल्या हातिमताईंचे हे चिरंजीव. ते शिकारीचे जाणकार होते, आणि इस्लाम स्वीकारल्यावर त्यांनी प्रेषितांना (स.) शिकारीविषयी बारीक बारीक प्रश्न विचारले. हदीसच्या ग्रंथांत ते आले आहेत. त्यांचा आशय असा. अल्लाहचं नाव घेऊन बाण सोडा. टोकाने जखम होऊन जनावर मेलं तर खा. आडव्या काठीचा मार लागून मेलं तर खाऊ नका. एकदोन दिवसांनी सापडलं आणि अंगावर फक्त तुमच्याच बाणाची खूण असली तर खा. पाण्यात पडलेलं सापडलं तर नको, कारण ते बाणाने मेलं की बुडून, हे तुम्हाला माहीत नाही. बिस्मिल्लाह विसरली तर काय, माग किती काढायचा, यावर आपल्या इमामांच्या मतांत फरक आहेत. ते आपापल्या आलिमांना विचारावेत. मी मराठीची शिक्षिका आहे, फतवा देणारी नाही.

पण एक गोष्ट मुलांनीच हेरली. एक मुलगा म्हणाला, "टीचर, यात बाण सुटल्यानंतरचेच प्रश्न जास्त आहेत." अगदी खरं. बाण सुटला म्हणून माणूस सुटत नाही. तो कुठे लागला, कसा लागला, त्याने काय झालं, याचा हिशेब त्याच्याकडेच राहतो. जिवंत प्राण्याला नुसतं निशाण बनवायला आपल्याला मनाई आहे, हेही मी सांगितलं. आणि उहुदच्या टेकडीवरच्या पन्नास तिरंदाजांचीही आठवण करून दिली. त्यांना जागा सोडू नका असं सांगितलं होतं. बाण चालवण्यात ते कमी पडले नाहीत. जिंकलो असं वाटल्यावर बहुतेकांना थांबवलं नाही.

मग मी त्या मुलीला उभं केलं आणि माझ्या भावाची गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली. हरीण सापडलं नाही, हेही. वर्ग गप्प होता. मी म्हटलं, "तू विचारलंस, बाण लागून पळून गेलं तर. त्याचं उत्तर माझ्याकडे हेच आहे. ते दुःख राहतं. ते दुःख ज्याला होत नाही, त्याने धनुष्य हातात घेऊ नये. आणि ज्याला होतं, त्याने आधी आपली मर्यादा ठरवावी."

तिने थोडा विचार केला. "टीचर, मग या वेळी हरीण पंचवीस मीटरच्या आत आलंच नाही तर?"

"तर रिकाम्या हाताने घरी."

"एवढी तयारी करून?"

"एवढी तयारी त्यासाठीच आहे," मी म्हटलं. तिचं समाधान झालं की नाही, मला माहीत नाही. हे पाप नाही का, हा तिचा पहिला प्रश्न ती अजून मनात घोळवत असावी, आणि तिने तो घोळवावा असंच मला वाटतं.

त्या संध्याकाळी मी भावाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आपा, अम्मीला दे." त्याने गेल्या जानेवारीची गोष्ट अम्मीला सांगितली, अकरा महिन्यांनी. अम्मी ऐकत होती. मला वाटलं, ती आता म्हणेल, पुन्हा जाऊ नकोस. ती म्हणाली, "दोन दिवस शोधलंस ना?" तो म्हणाला, हो. "तिसऱ्या दिवशीही जायचं होतंस," अम्मी म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पाणी जास्त घे."

पुढच्या दिवशी यादीत त्याने एक ओळ वाढवली. सुट्टीचा एक दिवस जादा, माग काढावा लागला तर. ऑफिसात तसा अर्जही दिला.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्यापैकी कोणी ॲरिझोनाच्या वाळवंटात हरणामागे जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण बाण आपण सगळेच सोडतो. मुलीचं लग्न ठरवताना, भावाशी वाटणीचं बोलताना, वर्गात एखाद्या मुलाला सगळ्यांसमोर रागावताना. तेव्हा आपल्याला हात बसल्याचा भरवसा असतो, अंतर मात्र आपण मोजत नाही. मी स्वतः मोजत नव्हते. या वर्षी मीही एक मर्यादा ठरवली आहे आणि ती वर्गाला सांगून ठेवली आहे: चिडलेली असताना कोणाच्याही वहीवर शेरा लिहायचा नाही. दोनदा मोडली, दोन्ही वेळा मुलांनी लगेच आठवण करून दिली.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा भाऊ डोंगरात असेल किंवा परतला असेल. हरीण मिळो न मिळो, तो आणि त्याचे दोन्ही मित्र सुखरूप घरी येवोत, आणि त्यांच्या हातून कोणा जिवाला विनाकारण त्रास न होवो, एवढी दुआ करा. त्या मुलीलाही बातमी हवी आहे. शाळा सुरू झाली की पहिल्याच तासाला ती विचारणार, आणि या वेळी मी घड्याळाकडे बघणार नाही, इन्शाअल्लाह.